आनेसितोची हजेरी

आनेसितो मालुनेसला मरून अडीच वर्षं झाली होती, तरी तो रोज कामावर येत होता.

सकाळी साडेपाचला खताच्या गोदामापुढे मुकादम तेबान वही उघडायचा. एकेक नाव वाचायचा, ओ आली की पेन्सिलीने टिंब द्यायचा. तेविसावं नाव आनेसितोचं. ते पुकारलं की डोक्याला टॉवेल गुंडाळलेली त्याची बायको पुरिंग म्हणायची, "आहे." तेबान टिंब द्यायचा आणि चोविसाव्या नावाकडे वळायचा.

पहिल्या आठवड्यात मागून कोणीतरी म्हणालं होतं, "काय आनेसितो, आज झगा घालून आलास?" तेव्हा माणसं हसली होती. पुरिंगही थोडी हसली होती. पुढे सगळ्यांना सवय झाली.

आनेसितो ऐन तोडणीत गेला, सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये. खांद्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरला आणि मोळी छातीवर आली. त्यानंतर तो नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी तेबान घरी आला. दारातच उभा राहून टोपी हातात फिरवत म्हणाला, "नाव काढावं लागेल. नाव काढलं की घरही जाणार. मळ्याचं घर कायमच्या माणसाला असतं."

"मी एकोणीस वर्षं तोडते आहे, नोंग तेबान," पुरिंग म्हणाली. मळ्यावर वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग म्हणत, बाईला नांग.

"तोडतेस, मी बघतोच आहे. पण वहीत कुठे आहेस तू?"

ती वहीत नव्हती; कोणाचीच बायको वहीत नव्हती. नवरा तोडायचा, बायको शेंड्याचं वाढं छाटायची, पाला सोलायची, मोळी बांधायची. नवरा थकला की कोयता तिच्या हातात यायचा. दिवसभराचं वजन नवऱ्याच्या नावापुढे चढायचं. सान लाम्बेर्तोच्या मळ्यात हीच रीत होती आणि त्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

"मग नाव राहू दे," तेबान म्हणाला होता. "तू ओ देत जा. मळ्याचा कारभारी काय तोंडं बघायला येतो?"

त्या रविवारपासून पुरिंग तेबानच्या घरची धुणी धुवायला लागली. ती कशाच्या बदल्यात, हे ना त्याने सांगितलं ना तिने विचारलं.

आता सप्टेंबर होता. लावणी झालेली, तोडणीला अजून महिना. वर्षातले हे मेलेले महिने. आठवड्यातून तीन दिवस निंदणी मिळायची, तीही गवत असेल तर. उरलेले दिवस माणसं दारात बसून पावसाकडे बघायची. पुरिंगच्या घरात सकाळी भाजलेल्या तांदळाची कॉफी, दुपारी रताळी, संध्याकाळी भात आणि खारवलेला मासा. मासा दोघींत एक. डोकं पुरिंगला, कारण तिच्या सतरा वर्षांच्या लेकीला, नेनिताला, डोकं आवडत नसे.

अशाच एका गुरुवारी चर्चच्या दारावर यादी लागली.

जमीनवाटपाचा कायदा होऊन सव्वा वर्ष झालं होतं. मळ्याचा एक तुकडा कामगारांना द्यायचा, एकेकाला पाऊण हेक्टर. यादीत चौसष्ट नावं होती. प्रिमोने ती मोठ्याने वाचून दाखवली. प्रिमो अडतीस वर्षांचा, कामगारांचा पुढारी. बोलायला लागला की मान पुढे काढायचा. स्वतःच्या नावाशी त्याचा आवाज जरा चढला.

"भात लावणार मी," तो म्हणाला. "ऊस नको. ऊस नुसता बघितला तरी पाठ दुखते."

"तू लावणार भात!" त्याची बायको लिंदिंग म्हणाली. "तुला साधी पेज उकळता येत नाही."

"लावायचा आहे, उकळायचा नाही."

"आणि चिखलात कोण उतरणार? मीच ना?"

लोक हसले. प्रिमो पुढे वाचत गेला. तेविसाव्या नावाशी थांबला. नाव वाचलं, पण हळू. मग भराभर चौसष्टपर्यंत गेला.

गर्दी पांगल्यावर पुरिंग दारापाशी गेली. तिला सावकाश वाचता येई. यादी तेबानच्या वहीवरूनच उतरवलेली होती, क्रमसुद्धा तोच. आनेसितो मालुनेस, कायम कामगार. तिने वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितलं. चौसष्टांत बाई एकही नव्हती.

घरी नेनिताने विचारलं, "नानाय, आपल्याला मिळाली?"

"तुझ्या बापाला मिळाली," पुरिंग म्हणाली आणि चूल फुंकायला बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर प्रिमो आणि लिंदिंग आले. लिंदिंगने उकडलेला कसाव्याचा कंद आणला होता, केळीच्या पानात गुंडाळून. मेलेल्या महिन्यांत कोणी खायला घेऊन आलं की काही मागायला आलं आहे हे कळायचं. पुरिंगने बाक पुसला.

प्रिमोने गुडघ्यांवर हात ठेवले. "नांग पुरिंग, बुधवारी पडताळणी आहे. जमीनवाटपाच्या कचेरीचा साहेब येणार. ज्याचं नाव त्याने समोर हजर राहायचं. मालकाचा वकीलही येणार आहे."

"येऊ दे की."

"त्याला एक खोटं नाव सापडलं तर तो सगळी यादी फाडेल."

"आनेसितो खोटा होता?"

"तसं नाही गं. तो आता नाही, एवढंच."

"ते मला माहीत आहे. त्याला शेवटची आंघोळ मीच घातली."

लिंदिंगने पानाची गाठ सोडली, कसाव्याचे तुकडे मांडले. कोणी हात लावला नाही.

"बायकोला नाही का देत, नवऱ्याच्या मागं?" पुरिंगने विचारलं.

"मी कचेरीत विचारून आलो. कायदा झाला अठ्ठ्याऐंशीत, तो गेला सत्त्याऐंशीत. कायदा झाला त्या दिवशी तो कामगारच नव्हता. आणि तू तर वहीतच नाहीस."

"लिंदिंगही नाही."

"माझा नवरा जिवंत आहे, नांग," लिंदिंग म्हणाली. मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं आणि तिने कसाव्याचं पान पुरिंगकडे सरकवलं.

प्रिमोने सगळं ठरवून आणलं होतं. नाव पुकारलं की पुरिंगने गप्प बसायचं. मग प्रिमो उठून सांगेल, हा माणूस वारला, नाव चुकून राहून गेलं. साहेब नाव खोडेल. त्रेसष्ट स्वच्छ नावं उरतील. "आणि तुला आम्ही सोडणार नाही. जमीन मिळाली की प्रत्येक घरातून तुला एकेक सरी. त्रेसष्ट सऱ्या होतात, मोजून बघ."

"कुठल्या सऱ्या?"

"कुठल्या म्हणजे?"

"त्रेसष्ट ठिकाणी एकेक सरी. एकीवरून दुसरीवर जाईपर्यंत दिवस मावळेल माझा."

लिंदिंगला हसू आलं. कसाव्यावरची माशी वारावी तसं तिने ते हाताने वारलं.

"आनेसितो असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं," प्रिमो म्हणाला. "आम्ही दोघं बाकोलोद शहराला चालत गेलो होतो, शहाऐंशीच्या फेब्रुवारीत. अठ्ठावीस किलोमीटर. रेडिओवर सांगत होते, मनिलात माणसं रणगाड्यांपुढे बसली आहेत, नन्स गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. आम्ही पोचलो आणि बातमी आली, राष्ट्राध्यक्ष पळाला. आनेसितो रडला होता, नांग. मी बघितलं. म्हणाला, आता जमीन येणार."

पुरिंगला तो फेब्रुवारी आठवत होता. साखरेचा भाव पडला म्हणून त्या साली अर्धा ऊस उभाच राहिला होता. धाकटी दिदित आदल्या ऑक्टोबरात गेली होती, दोन वर्षांची होऊन. पोट फुगलं, पायांवर सूज आली, केस तांबूस झाले आणि एके सकाळी ती उठलीच नाही. त्या पावसाळ्यात वस्तीत सात पोरं गेली. मग फेब्रुवारीत चर्चची घंटा वाजली. मालकाचा ट्रक आला, त्याला आंदोलनाच्या पिवळ्या फिती बांधलेल्या. मालकीणबाईंचा झगाही पिवळा. हुकूमशहा गेला, आता आपण सगळे मोकळे, असं त्या म्हणाल्या आणि पोरामागे दोन-दोन बिस्किटं वाटली. पुरिंगने चार घेतली. दोन नेनिताची आणि दोन दिदितची, हे तिला घरी आल्यावर कळलं.

"तो रडला होता?" तिने विचारलं.

"अगदी पोरासारखा."

"घरी काही बोलला नाही."

बाहेर पावसाचे चार थेंब पडून गेले. प्रिमो वाट बघत होता. त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, गेल्या तोडणीतलं.

"बरं," पुरिंग म्हणाली. "गप्प बसेन."

ते गेल्यावर नेनिता आतल्या खोलीतून बाहेर आली. "तूच का गप्प बसायचं?"

"गप्प बसायला काय लागतं?"

"एकोणीस वर्षं, नानाय."

"एकवीस झाली. कसावा खा, गार होतोय."

बुधवारी गोदामात खताची पोती भिंतीला लावून जागा केली होती. वर पत्रा तापलेला. खताच्या वासाने डोळे चुरचुरत होते. कचेरीचा साहेब तरुण होता, सदऱ्याला इस्त्री, चष्मा घामाने सारखा खाली यायचा. वकिलाला हातांची खुर्ची दिली होती. तो वयस्क, शांत, हातात पंखा घेऊन बसलेला. सुरुवातीला तो दोन शब्द बोलायला उठला.

"मालकांचा कायद्याला विरोध नाही," तो म्हणाला. "मी स्वतः मनिलात चार दिवस रस्त्यावर उभा होतो, रणगाड्यांसमोर. कोणासाठी? तुमच्यासाठीच. म्हणून म्हणतो, सगळं नियमाने होऊ द्या."

"आधी कळवायचं, साहेब," प्रिमो मागून म्हणाला. "आम्ही पाणी घेऊन आलो असतो."

हशा पिकला. लिंदिंगने त्याच्या दंडाला चिमटा काढला. वकीलही हसला.

साहेबाने यादी घेतली. त्याला ती नावं वाचायची सवय नव्हती; प्रत्येक नावानंतर तो मान वर करायचा, माणूस बघायचा, ओळखपत्र बघायचा, खूण करायचा. पुरिंग बायकांत बसली होती, खाली, पोत्यावर. टाचेला भेग पडली होती, ती तिने अंगठ्याने दाबून धरली. दाबलं की दुखायचं, सोडलं की जास्त दुखायचं. तेबानच्या घरच्या चादरी भिजत घालायच्या राहिल्या, हे तिला आठवलं. साबण अर्धाच उरला होता.

"एकोणीस. वीस." खुणा होत होत्या. "बावीस."

"आनेसितो मालुनेस."

"आहे," पुरिंग म्हणाली.

तिने ते दुसऱ्या कोणीतरी म्हटल्यासारखं ऐकलं. प्रिमो उठायच्या बेतात होता, तो अर्धा वाकलेला तसाच राहिला. साहेबाने मान वर केली, पुरुषांच्या रांगेकडे बघितलं, मग बायकांच्या.

"कोण आहे?"

वकिलाने पंखा मांडीवर ठेवला. "उभ्या राहा, बाई."

पुरिंग उभी राहिली.

"तुम्ही आनेसितो?"

"मी त्याची बायको."

"तो कुठे आहे?"

"वारला."

"कधी?"

"सत्त्याऐंशीत. मार्च महिन्यात."

"मग ओ कशाला दिलीत?"

"रोजच देते," पुरिंग म्हणाली.

मागे एक जण फिस्सकन हसला. साहेबाने चष्मा काढून पुसला. वकिलाचा आवाज अजिबात चढला नाही. त्याने तेबानला पुढे बोलावलं आणि विचारलं, या वहीत अशी आणखी किती माणसं आहेत जी दुसऱ्याच्या तोंडाने बोलतात? तेबान टोपी फिरवत राहिला. एक मनिलाला गेलेला होता, त्याचा भाऊ ओ द्यायचा. एक रक्त ओकत अंथरुणाला खिळलेला, त्याची बायको यायची. वकिलाने एकेक नाव काढून घेतलं, अगदी सबुरीने, दाताच्या डॉक्टरासारखं. अकरा निघाली.

"आमचा आक्षेप नोंदवून घ्या," तो साहेबाला म्हणाला. "या वहीवर बेतलेली यादी विश्वासार्ह नाही. नव्याने चौकशी व्हावी."

साहेबाने लिहून घेतलं. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं, आणि तसं तो म्हणालाही.

बाहेर माणसं घोळक्याने उभी होती. पुरिंग आली तसा घोळका जरा सरकला. प्रिमो बूट झटकत होता, बुटाला काही लागलेलं नसताना. लिंदिंग तिच्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते. खताने की कशाने, सांगता आलं नसतं.

"एक शब्द, नांग. एक शब्द तेवढा गिळायचा होता."

"हो," पुरिंग म्हणाली.

घरी नेनिताचा चेहरा उजळला होता. "मुद्दाम दिलीस ना?"

"नाही."

"मग?"

"गेला शब्द तोंडातून."

नेनिताने हंडा उचलला आणि ती पंपावर गेली. पुरिंग बाकावर बसली. खरंच तोंडातून गेला की आपण जाऊ दिला, असं तिने स्वतःला एकदा विचारून बघितलं. मग तिला चादरी आठवल्या आणि ती उठली.

पुढचे पाच आठवडे यादी इकडून तिकडे जात राहिली. आधी बाकोलोदला गेली, तिथून मनिलाला. प्रिमो तीनदा बाकोलोदला जाऊन आला. तिसऱ्यांदा त्याला सांगितलं की कागद टेबलावर आहे, पण टेबलाचा माणूस रजेवर आहे. तो हे सांगायचा तेव्हा आधी लोक शिव्या द्यायचे, नंतर नुसते ऐकायचे. पुरिंगशी तो बोलायचा नाही. पंपावर ती आली की बायका आपापले हंडे भरून होईपर्यंत काहीतरी वेगळंच बोलायच्या.

कारभाऱ्याने तेबानला वही साफ करायला लावली. अकरा नावं खोडली गेली. आनेसितोचं खोडलं त्या रविवारी पुरिंग धुवायला गेली, तर तेबानच्या बायकोने दारातूनच सांगितलं, आता नको, पोरीच धुतात.

घर एका सुताराला दिलं. सुतार भला माणूस होता. बाहेर उभा राहून म्हणाला, सावकाश करा, घाई नाही. पुरिंग आणि नेनिताने तीन खेपांत सामान हलवलं. रस्त्यापलीकडे हंगामी तोडणीवाल्यांची लांब चाळ होती. तोडणीवाले पनाय बेटावरून बोटीने यायचे. ते यायच्या आत कोपरा धरावा लागे. त्यांनी पोत्यांचा आडोसा केला. चौथ्या दिवशी बाकोलोदहून पुरिंगच्या बहिणीचा निरोप आला, एका घरी मोलकरीण हवी आहे. नेनिता गेली. जाताना म्हणाली, "पत्र पाठवीन." पुरिंगने तिची वेणी नीट केली, मोळी बांधताना देतात तशी घट्ट गाठ दिली.

ऑक्टोबरच्या मध्यावर कारखान्याचा भोंगा वाजला. दुसऱ्या दिवशी तोडणी. तेबानने नवं पान उघडलं होतं. चाळीतली पनायची माणसं त्याच पानावर.

"पूर्ण नाव?"

"पुरिफिकासियोन मालुनेस."

तेबानने ते लिहिलं. सावकाश, कारण नाव लांब होतं. कारभारी मोटारसायकलवर बसल्या बसल्या वहीत डोकावला. "कामाला कधीपासून?"

तेबानने पुरिंगकडे बघितलं नाही. "आजपासून," तो म्हणाला आणि तारीख घातली. नावापुढे लिहिलं, नवीन.

नव्यांना बांधावरच्या ओळी मिळतात. तिथला ऊस वाऱ्याने आडवा झालेला, एकात एक अडकलेला, त्यात रानवेल. पुरिंगने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, फडकं तोंडावर घेतलं. पाल्याची धार कुठून लागते ते अंगाला ठाऊक होतं. शेजारच्या ओळीत प्रिमो होता, मागे लिंदिंग. दोघांनी माना वर केल्या नाहीत.

ती वाकणार तोच मोटारसायकल बांधावर थांबली.

"हे काय?" कारभारी म्हणाला. "नव्या माणसाला जुना माणूस लावून द्यायचा असतो ना? पहिल्या दिवशी हात कापून घेतात आणि आमच्या नावाने बोंब. मुकादम!"

"ही..." तेबान म्हणाला.

"वहीत काय लिहिलं आहेस?"

तेबानने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांत जवळ प्रिमो होता. "प्रिमो, दाखव जरा."

प्रिमो आपली ओळ सोडून आला. अंगातून घाम आणि उसाचा आंबूस वास. लिंदिंग वाढं छाटत राहिली, पण तिचा हात मंदावला. प्रिमो पुरिंगच्या समोर उभा राहिला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बघितलं, तेही चेहऱ्याकडे नव्हे, हातातल्या कोयत्याकडे. कोयत्याची मूठ तिच्या बोटांनी झिजलेली होती. चार बोटांचे चार खळगे, आनेसितोच्या हाताहून लहान.

"कोयता असा धरायचा," तो म्हणाला.

"जरा मोठ्याने," कारभारी म्हणाला. "पलीकडच्यांनाही ऐकू दे. तेही नवेच आहेत."

पनायची माणसं बघायला लागली.

"कोयता असा धरायचा," प्रिमो ओरडून म्हणाला. त्याने तिचं मनगट धरून दाखवलं. "अंगठा मुठीवरून. बुडाशी वाकायचं. घाव जमिनीला लागून. खुंट ठेवायचा नाही."

"बरं," पुरिंग म्हणाली.

"शेंडा डाव्या हाताला. वाढं एका घावात."

"बरं."

"पाला सोलताना तोंड बाजूला."

"बरं."

कारभाऱ्याने मान हलवली. मोटारसायकल बांधावरून पुढे गेली, तिचा आवाज ओढ्यापलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होता. पनायची माणसं वाकली. तेबानही दुसऱ्या ओळीकडे निघून गेला. प्रिमो मात्र तिथेच उभा होता. तिचं मनगट अजून त्याच्या हातात होतं, आणि त्याच्या तोंडात काहीतरी अडकल्यासारखं दिसत होतं.

"आणखी काही?" पुरिंगने विचारलं.

"नाही, नांग."

"मग बाजूला हो," ती म्हणाली. "घाव लागेल."

तो बाजूला झाला. ती वाकली आणि तोडायला लागली.